होडीच्या धंद्यालाही दप्तर हवे

पंढरपूरला गेलेला माणूस चंद्रभागेच्या वाळवंटात उतरला की त्याला काठाला लागलेल्या होड्या दिसतात. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार वाऱ्यांना त्यांची गर्दी वाढते, आणि मार्गशीर्षात विष्णुपदाकडे जाणाऱ्या भाविकांना घेऊन त्या दिवसभर खेपा मारतात. कोळी समाजाची अनेक घरे पिढ्यान् पिढ्या या नावेवर पोट भरत आली आहेत. पण यांपैकी एखाद्या नावाड्याला विचारून पाहा, की तुमच्या आजोबांची नाव किती लांबीची होती, ती कोणत्या सुताराने बांधली, तिला खर्च किती आला, उताराचे पैसे किती घेत होते, आणि नाव चालवण्याचा मक्ता कोणाकडे होता? उत्तरे मिळतील ती आठवणीतून. कागद दाखवा म्हटले तर बहुतेक घरांत कागद निघणार नाही.

पेढीवाल्याकडे रोजकीर्द असते, खतावणी असते. शेतकऱ्याकडे सातबारा असतो. कापड गिरण्यांच्या सोलापुरात गिरणीचा इतिहास लिहिणाऱ्याला निदान काही कागद तरी सापडतात. पाण्यावरच्या धंद्याचे मात्र तसे नाही. ज्या धंद्याने या जिल्ह्यात माणसे, गुरे, धान्य आणि बाजारचा माल नदीपार नेला, त्याचे दप्तर एका जागी कुठेच नाही. ही नुसती इतिहासाची हळहळ नव्हे. यात रोजीचा, पैशाचा आणि माणसांच्या जिवाचा प्रश्न गुंतलेला आहे, म्हणून व्यापाराच्या पानावर तो मांडावासा वाटला.

नदीचे तलावात रूपांतर

भीमा भीमाशंकरला उगम पावते आणि पंढरपुराजवळ चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिथे तिला चंद्रभागा म्हणतात. पूल नव्हते त्या काळात पावसाळ्यात नदी भरली की नावेशिवाय पैलतीरी जाता येत नसे. जिथे नाव नव्हती तिथे भोपळ्यांची सांगड, लाकडी तराफा, नाहीतर गुऱ्हाळातली काहिल पाण्यात सोडून माणसे पार होत. १९०६ साली कुर्डुवाडीकडून बार्शी लाइट रेल्वे पंढरपूरला पोहोचली, नंतर रस्ते आणि पूल झाले. नदी पार करण्याची नाव मागे पडली आणि यात्रेकरूंना फिरवून आणणारी नाव राहिली.

पण पंढरपूरच्या वरच्या अंगाला उलटेच घडले. माढा तालुक्यात उजनी येथे भीमेवर धरण बांधले गेले आणि १९८० साली ते पूर्ण झाले. धरणामागे जो जलाशय तयार झाला त्याला यशवंतसागर हे नाव मिळाले. त्याची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी आहे. त्यापैकी सुमारे साडेत्रेपन्न टीएमसी पाणी उपयुक्त साठ्याचे आणि बाकीचे मृतसाठ्याचे. हा गोड्या पाण्याचा विस्तीर्ण तलाव सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर अशा तीन जिल्ह्यांच्या हद्दींत पसरला. करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांतली गावे उठली, शेते गेली, पळसदेवचे जुने देऊळ पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी फार उतरले की ते देऊळ आजही डोके वर काढते.

रेल्वेलासुद्धा वाट बदलावी लागली. पुण्याहून निघालेला लोहमार्ग १८५८ च्या अखेरीस दिकसळपर्यंत आला होता आणि १८६० साली सोलापूरला पोहोचला. त्यातला काही भाग जलाशयाच्या क्षेत्रात गेला. ज्या खोऱ्यात शंभर वर्षांहून अधिक काळ आगगाडी चालली, तिथे पुन्हा होडी आली.

ही होडी कोणी हौसेने आणलेली नाही. काल जे गाव नदीपलीकडे हाकेच्या अंतरावर होते, ते मधे पाणी पसरल्यावर रस्त्याने अनेक कोस लांब गेले. करमाळ्याच्या बाजूचे कुगाव आणि इंदापूरच्या बाजूची कळाशी, शिरसोडी ही गावे समोरासमोर आहेत. सोयरीक, दवाखाना, शाळा-कॉलेज, बाजार, मजुरी यांसाठी माणसे होडीने जाऊ-येऊ लागली. मोटारसायकली होडीत चढल्या. भिगवणला मासळीचा मोठा बाजार उभा राहिला. चिलापी, कटला, रोहू, मरळ असा माल तिथून बाहेरगावी जातो. कुंभारगाव-भिगवणच्या काठावर रोहित पक्षी पाहायला येणाऱ्यांसाठी नावा चालू लागल्या. धरण पूर्ण होऊन चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. एवढ्या अवधीत एक अख्खी जलवाहतूक उभी राहिली, आणि तिची नोंद कोणी ठेवली नाही.

नोंद नसल्याचा फटका

२१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. होडीत सात जण होते. एक जण पोहून काठाला लागला, बाकीचे सहा बुडाले. त्यांत लहान मुलेही होती. त्याआधी २०१७ च्या एप्रिल अखेरीस याच जलाशयात होडी उलटून चार डॉक्टरांचा मृत्यू झाला होता. दोन्ही वेळा वर्तमानपत्रे भरून बातम्या आल्या. लाइफ जॅकेट, परवाना, होडीची तपासणी या गोष्टींवर खूप बोलले गेले.

दोन्ही अपघात उन्हाळ्यातले आहेत, हे ध्यानात घ्यावे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचा वारा अचानक सुटतो हे काठावरच्या प्रत्येक नावाड्याला ठाऊक आहे. पण कोणत्या उताराला वारा कोणत्या बाजूने येतो, किती वाजल्यानंतर धोका असतो, लाट कुठे उंच उठते, याची चाळीस वर्षांची लेखी नोंद असती तर त्या नोंदीवरून नियम करता आला असता. अमुक महिन्यात अमुक वेळेनंतर या उतारावरून होडी सोडायची नाही, एवढा साधा नियम. नोंद नाही म्हणून शहाणपण नावाड्याच्या डोक्यात राहते, आणि नवशिक्या नावाड्यापर्यंत ते पोहोचेलच याची खात्री नसते.

दुसरी गोष्ट पाण्याच्या पातळीची. उजनीच्या भागात साठा मृतसाठ्याच्या खाली गेला की लोक 'उजनी मायनसमध्ये गेली' असे म्हणतात. २०२४ च्या उन्हाळ्यात हा साठा उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेला होता. पाणी असे उतरले की होडी लागण्याची जागा सरकते, जुनी झाडे, घरांच्या भिंती, विहिरींचे कठडे पाण्याच्या वर किंवा पृष्ठभागाच्या थोडे खाली येतात. होडीच्या तळाला तेच लागतात. बुडालेल्या गावांचे नकाशे आणि नावाड्यांची माहिती एकत्र केली तर धोक्याच्या जागा दाखवणारा तक्ता तयार होऊ शकतो. हे काम लाखो रुपयांचे नाही, पण ते कोणीतरी हाती घ्यायला हवे.

तिसरी गोष्ट कायद्याची. देशांतर्गत जलवाहतुकीसाठी १९१७ सालचा जुना कायदा होता. त्याच्या जागी २०२१ साली नवा अंतर्देशीय जलयान कायदा संसदेने केला आणि २०२२ पासून तो अमलात आला. यांत्रिक नावांची तपासणी, नोंदणी, विमा, चालवणाऱ्याची पात्रता या बाबी त्यात आहेत. वल्ह्याच्या साध्या नावांचीही स्थानिक पातळीवर नोंद व्हावी अशी तरतूद आहे. म्हणजे यापुढे कागदाशिवाय होडीचा धंदा करणे कठीण होत जाणार. विमा कंपनी विचारणार होडी कधीची, कोणी बांधली, दुरुस्ती कधी झाली. बँक विचारणार मागील तीन वर्षांचे उत्पन्न किती. ज्याच्याकडे कागद आहे त्याला कर्ज आणि विमा मिळेल. ज्याच्याकडे नाही, त्याचा धंदा बाहेरून आलेला पैसेवाला ठेकेदार घेऊन जाईल, आणि पिढीजात नावाडी त्याच्याकडे रोजंदारीवर लागेल.

ही भीती हवेतली नाही. सोलापूर जिल्ह्यात पर्यटनवाढीचा आराखडा शासनाने २०२४ साली मंजूर केला, त्यात उजनीच्या जलपर्यटनाचा समावेश आहे. धक्के होतील, बोटी येतील, निविदा निघतील. निविदेत अनुभवाचा पुरावा मागतात. चाळीस वर्षे होडी चालवली हे तोंडी सांगून भागत नाही.

अमेरिकेच्या तलावांवर काय केले

अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवर गोड्या पाण्याची पाच महासरोवरे आहेत. सुपीरियर सरोवराच्या काठच्या खाणींतून निघणारे लोखंडाचे खनिज जहाजांत भरून खालच्या सरोवरांच्या काठी असलेल्या पोलादाच्या कारखान्यांना जाते. कोळसा, चुनखडी आणि गहूही जातो. सुपीरियर आणि ह्युरॉन या सरोवरांच्या पातळीत फरक आहे, म्हणून सू येथे १८५५ साली दरवाजांचा कालवा खुला झाला. १९५९ साली सेंट लॉरेन्सचा जलमार्ग सुरू झाला आणि समुद्रातली जहाजे थेट सरोवरांत येऊ लागली. आज तिथे हजार फूट लांबीची मालवाहू जहाजे चालतात.

व्यापार मोठा म्हणून दप्तरही मोठे, असे कोणी म्हणेल. पण या दप्तराची सुरुवात सामान्य माणसांच्या छंदातून झाली आहे. मिलवॉकी शहराच्या सार्वजनिक वाचनालयात सरोवरातल्या जहाजांचा जो संग्रह आहे, तो हर्मन रंगे नावाच्या गृहस्थाच्या खासगी संग्रहापासून उभा राहिला. त्यांनी जहाजांची माहिती एकेक करून गोळा केली होती. पुढे १९५९ साली तिथे हौशी मंडळींची सागरी इतिहास संस्था स्थापन झाली आणि सभासद वाचनालयात बसून हे काम वाढवत राहिले. ओहायो राज्यातल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठाच्या ग्रंथालयातही सरोवरांच्या जहाजांचा संग्रह आहे. जहाजांची छायाचित्रे, बांधणीचे नकाशे, कंपन्यांची कागदपत्रे आणि प्रवासाच्या नोंदवह्या तिथे पाहायला मिळतात.

आपल्याला जवळचे वाटेल असे उदाहरण अल्पेना या गावाचे आहे. ह्युरॉन सरोवराच्या काठचे हे गाव सुमारे दहा हजार वस्तीचे, म्हणजे पंढरपूरपेक्षा कितीतरी लहान. तिथल्या वाचनालयात पॅट्रिक लॅबडी या जहाज-इतिहासकाराने जन्मभर जमवलेला संग्रह आला. गावाजवळच्या पाण्यात जुन्या जहाजांचे अनेक सांगाडे पडलेले आहेत. २००० साली हा भाग संरक्षित जलक्षेत्र म्हणून जाहीर झाला. आज त्या गावात काचेच्या तळाच्या बोटीतून बुडालेली जहाजे पर्यटकांना दाखवतात. वाचनालयातल्या कागदावरून समजते की खाली पडलेले जहाज कोणते, ते कधी बुडाले आणि त्यात माल काय होता. हे सांगता येते म्हणून पर्यटक तिकीट काढतो, खानावळीत जेवतो, मुक्काम करतो. कागदाच्या कपाटातून गावात पैसा येतो तो असा.

अपघाताचीही गोष्ट तशीच. १० नोव्हेंबर १९७५ रोजी 'एडमंड फिट्झजेराल्ड' हे ७२९ फूट लांबीचे जहाज खनिज घेऊन जात असताना सुपीरियर सरोवराच्या वादळात बुडाले. त्यावरचे सर्व २९ जण गेले. चौकशी झाली, हवामानाच्या नोंदी, जहाजाचे नकाशे, दुरुस्तीचे आणि तपासणीचे कागद तपासले गेले. जहाज नेमके कशामुळे बुडाले यावर मतभेद आजही आहेत. पण त्यानंतर थंड पाण्यात तग धरण्याचे पोशाख, खोली मोजण्याची साधने यांविषयीचे नियम कडक झाले. एवढे मोठे मालवाहू जहाज त्या सरोवरांत पुन्हा बुडालेले नाही. कागद शाबूत होते म्हणून चौकशीला हात घालायला जागा मिळाली.

आपल्याकडे कागद आहेत कुठे?

आपल्याकडे काहीच नाही असेही नाही. जे आहे ते विखुरलेले आहे. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यासाठी १८६८ साली तरींचा कायदा झाला. तर म्हणजे नदी पार करण्याची सार्वजनिक नाव आणि तिचा ठरलेला उतार. उताराचे दर ठरवणे, तरीचे उत्पन्न मक्त्याने देणे, मक्तेदाराने नाव सुस्थितीत ठेवणे या गोष्टी या व्यवस्थेत येत. जिथे मक्ता आला तिथे लिलाव आला, जिथे लिलाव आला तिथे कागद आला. सोलापूर जिल्ह्याचे गॅझेटियर १८८४ साली प्रसिद्ध झाले. या मालिकेत व्यापाराच्या प्रकरणात रस्ते, पूल, तरी, बाजारपेठा यांची माहिती देण्याची पद्धत होती. शोध घेणाऱ्याने पहिली पायरी म्हणून ते उघडावे. पुढची पायरी म्हणजे मुंबई आणि पुण्याची सरकारी पुराभिलेखागारे. धरण झाल्यानंतरच्या काळासाठी जलसंपदा खात्याच्या पातळीच्या नोंदी, पुनर्वसनाचे नकाशे, मच्छीमार सहकारी संस्थांच्या वह्या आणि ग्रामपंचायतींचे ठराव हे साहित्य आहे.

पण सर्वांत मोलाचा ठेवा सरकारी कचेरीत नाही, तो घरांत आहे. मासळीच्या व्यापाऱ्याच्या जुन्या वह्यांत कोणत्या काठावरून किती माल आला हे लिहिलेले असते. होडी बांधणाऱ्या सुताराकडे मापांची वही असते. इंजिन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे पावत्या असतात. एखाद्याच्या लग्नाचे वऱ्हाड होडीतून गेलेले असते, त्याचा फोटो भिंतीवर असतो. रद्दीचा भाव वाढला की असल्या वह्या पोत्यात भरून जातात.

वेळ थोडा आहे, याचे आणखी एक कारण आहे. शिरसोडी आणि कुगाव यांच्या दरम्यान जलाशयावर पुलाला मंजुरी मिळालेली आहे. पूल व्हायलाच हवा. सहा जणांचा जीव घेणारी वाट कोणी नाइलाजाने धरू नये. पण पूल वाहता झाला की या उताराची होडी थांबेल, जशी पंढरपूरची तर थांबली. नावाडी दुसऱ्या कामाला लागेल, होडी काठावर कुजेल किंवा फायबरची असेल तर विकली जाईल. पंढरपुरात जे लिहून ठेवायचे राहिले ते आता सापडत नाही. उजनीच्या काठावर मात्र पहिल्या पिढीचे नावाडी अजून बोलू शकतात. त्यांच्याकडे आज गेले पाहिजे.

काय करता येईल?

काम फार अवघड नाही. पंढरपूर, करमाळा, इंदापूर, टेंभुर्णी, भिगवण या गावांतल्या वाचनालयांपैकी एकाने एक कपाट या कामाला द्यावे. आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, वाचनालयांना वर्गवारीनुसार अनुदान मिळते. नवी इमारत, नवी संस्था, नवे पदाधिकारी यांची गरज नाही.

मिलवॉकीच्या मंडळींनी एकेका जहाजाची माहिती जमवली, तशी आपण एका होडीला एक पाकीट करावे. पाकिटावर होडीचे नाव किंवा खूण, मालकाचे गाव, लांबी-रुंदी, लाकूड की फायबर, वल्ह्याची की इंजिनाची, बांधल्याचे साल, कोणत्या उतारावर चालली, भाडे किती, दुरुस्ती कधी झाली, विकली तर कोणाला, हे लिहावे. दुसरी वही उतारांची करावी. प्रत्येक उताराचे स्थानिक नाव, पाणी भरलेले असताना आणि उतरलेले असताना होडी लागण्याची जागा, वाऱ्याची दिशा, धोक्याच्या जागा. तिसरी वही अपघातांची. ती लिहिताना कोणाचा दोष काढायचा नाही. दिवस, वेळ, वारा, माणसे किती, लाइफ जॅकेट होते की नव्हते, एवढेच लिहायचे.

घरातला मूळ कागद कोणाकडून काढून घेऊ नये. मोबाइलवर त्याचा स्वच्छ फोटो काढून मूळ परत द्यावा, आणि दिल्याची पावती घ्यावी. जे कागद वाचनालयाकडे राहतील त्यांना अनुक्रमांक द्यावा, देणाऱ्याचे नाव नोंदवावे, कसर लागू नये म्हणून कपाट कोरडे ठेवावे. वृद्ध नावाड्याचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवावे. हे सर्व करायला कॉलेजात शिकणारी चार मुले आणि एक वर्षाचे रविवार पुरतील.

होडीवाल्यांनीही आजपासून एक सवय लावून घ्यावी. दोनशे पानी वहीत रोज तारीख, खेपा, उतारू, डिझेल, मिळकत आणि वारा कसा होता ते लिहावे. तीन वर्षांनी हीच वही बँकेपुढे ठेवता येते, विम्याच्या वेळी दाखवता येते, निविदेला अनुभव म्हणून जोडता येते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या घरात शाळेत जाणारे मूल असते, त्याने बापाचा दिवस लिहावा. मासळीचे व्यापारी, इंजिनाचे मिस्त्री, जाळी आणि बर्फ पुरवणारे दुकानदार यांनाही हेच सांगणे आहे. या काठावर सर्व जातिधर्मांचे लोक एकाच पाण्यावर पोट भरतात, त्यामुळे दप्तरही सर्वांचे मिळूनच व्हायला हवे.

आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी भीमेच्या तरीचा जुना मक्ता, उजनीच्या होडीची पावती, मासळीच्या हिशेबाची वही किंवा एखादे छायाचित्र असेल, त्यांनी या दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत टाकू नये. जवळच्या वाचनालयात जाऊन ग्रंथपालाला दाखवावे आणि नोंद करून घ्यायला सांगावे. एका गावाने हे सुरू केले तर पलीकडच्या काठावरचे गाव मागे राहणार नाही.